बाळंतपणाचा बेत

(मंडळाच्या महिला शाखेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



महिला शाखेच्या चिटणीसबाईंनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीकही दिली. मी विषय सांगितला मात्र, त्या क्षणभर थबकल्या. "सभेला पुरुषमंडळीही असतील," असे त्यांनी हळूच सुचविले. मी म्हटले, "ती असावीत म्हणूनच हा विषय निवडला आहे." बाळंतपण ही माजघरातील गोष्ट; ती बायकांनी बायकांतच कुजबुजावी, हा संकेत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळला. त्याचा परिणाम असा झाला की, ज्या प्रसंगावर घरातील दोन जिवांचे क्षेमकुशल अवलंबून असते, त्याविषयी घरातील निम्मी माणसे अनभिज्ञ राहतात, आणि ऐन कसोटीच्या क्षणी निर्णय देण्यासाठी नेमकी तीच पुढे उभी ठाकतात.

आपल्याकडे डोहाळजेवणाचा थाट पाहावा. सातवा महिना लागला की हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, पंचपक्वान्ने, कोणाला बोलवायचे, ओटी कोणी भरायची, या सर्वांची यादी होते. या कौतुकाविषयी माझी काहीच तक्रार नाही, ते व्हावेच. पण त्याच मुलीला रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर गाडी कोणाची, पैसे कोठे ठेवले आहेत, तिच्या रक्तगटाचा दाता कोण, आणि शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर तिचे स्वतःचे म्हणणे काय, याची यादी किती घरांत होते? पक्वान्नांचा बेत ठरतो. बाळंतपणाचा बेत मात्र देवावर सोडलेला असतो. आज मला या दुसऱ्या बेताविषयी बोलावयाचे आहे.

एक अनुभव प्रथम सांगते. तो सांगताना मला आजही संकोच वाटतो, कारण त्यातील चूक अंशतः माझीच आहे.

बरीच वर्षे झाली. एक पहिलटकरीण माहेरी बाळंतपणाला आली होती. दिवस पूर्ण भरलेले, प्रकृती चांगली, सर्व तपासण्या ठीक. पहाटेपासून कळा सुरू होत्या. दुपारी तीनच्या सुमारास पाणमोट फुटली, ती हिरवट पाण्याची. आणि प्रत्येक कळेनंतर बाळाचे ठोके मंदावू लागले. शस्त्रक्रिया करून बाळाला लवकर बाहेर काढणे अवश्य होते. मी बाहेर येऊन तिच्या वडिलांना तसे सांगितले. ते भले गृहस्थ हात जोडून म्हणाले, "बाई, मुलगी आता त्यांची. त्यांना विचारल्याशिवाय मी सही कशी करू?" परगावी असलेल्या जावयांना दूरध्वनी झाला. ते म्हणाले, "बाबांना विचारून सांगतो." बाबा आगगाडीत होते आणि त्यांचा फोन लागेना. इकडे मुलीची आई म्हणत होती, "इतका वेळ सगळं नीट चाललंय, आणखी थोडी वाट पाहू या ना!" या साऱ्यात चाळीस मिनिटे गेली. शेवटी फोन लागला, सही झाली, बाळ जन्मले. पण ते रडले नाही. श्वास लावावा लागला आणि पुढे दहा दिवस ते नवजात शिशूंच्या कक्षात होते. परमेश्वराची कृपा, आज ते मूल शाळेत जाते, खेळते, बागडते.

तिसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या खाटेजवळ बसले असता ती म्हणाली, "डॉक्टरबाई, मला विचारलं असतंत तर मी लगेच हो म्हटलं असतं."

भगिनींनो, त्या चाळीस मिनिटांत आम्ही सर्वांना विचारले. जिला विचारावयाचे ती सज्ञान, सुशिक्षित, पूर्ण शुद्धीवर असलेली स्त्री आमच्यापासून दहा हातांवर होती. तिला तिच्या आईने विचारले नाही, वडिलांनी विचारले नाही, नवऱ्याने विचारले नाही, आणि मीही विचारले नाही. त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गर्भवतीला मी सातव्या महिन्यात एक कोरा कागद देते आणि सांगते, "यावर तुझा बेत लिहून आण."

हा बेत म्हणजे काय ते सांगण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहू.

आपल्या आज्या-पणज्या घरीच बाळंत झाल्या. अंधारी खोली, शेगडी, सुईणीचा हात आणि देवाचा धावा. सुईण अनुभवी असे, मायाळूही असे. बाळंतिणीची कंबर दाबावी, तिला धीर द्यावा, तिच्याजवळून हलू नये, हे शहाणपण तिच्यापाशी होते. परंतु मूल आडवे आले, रक्तस्राव थांबेना किंवा झटके येऊ लागले, म्हणजे तिचा इलाज चालत नसे. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांची कथा आपणांस ठाऊक आहेच. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. त्या दुःखातून त्यांनी वैद्यकशास्त्र शिकण्याचा निश्चय केला, सातासमुद्रांपलीकडे जाऊन १८८६ साली फिलाडेल्फिया येथे पदवी मिळविली. आणि त्या पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, १८८७ साली, पुण्यास त्यांचे अकाली निधन झाले. एका बाळाच्या मृत्यूने एका आईला जे शिकविले, ते शिकावयास समाजाला पुढे कितीतरी वर्षे लागली.

आता काळ पालटला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २००५-०६ मध्ये देशातील शंभरातील सुमारे ३९ बाळंतपणे रुग्णालयांत होत होती. २०१९-२१ मध्ये ती सुमारे ८९ झाली. नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे २००४-०६ या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे देशात २५४ माता दगावत होत्या, तो आकडा २०१८-२० मध्ये ९७ वर आला. त्याच दोन कालखंडांत महाराष्ट्राचा आकडा १३० वरून ३३ वर आला. हे यश लहान नाही. जी कोणी आज रुग्णालयातील बाळंतपणास नावे ठेवून जुन्या अंधाऱ्या खोलीचे गोडवे गाते, तिने हे आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत.

तथापि नाण्याला दुसरी बाजूही आहे. रुग्णालयात जीव वाचू लागला, परंतु सुईणीचा कमरेवरचा हात नाहीसा झाला. बाळंतीण ही घरची लेक न राहता खाटेचा क्रमांक झाली. तिला एकटीला आत नेऊन दार लावून घेतले जाऊ लागले. काय चालले आहे हे तिला कोणी सांगेना. त्याच पाहणीप्रमाणे २०१९-२१ मध्ये देशातील खाजगी रुग्णालयांत शंभरातील ४७ बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली, तर सरकारी रुग्णालयांत सुमारे १४. यातील कित्येक शस्त्रक्रियांनी जीव वाचविले यात शंका नाही. परंतु इतकी मोठी तफावत केवळ निसर्गामुळे पडली असेल असे म्हणणे कठीण आहे.

असाच अनुभव पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांना आपल्याआधी आला. इंग्लंडमधील डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ साली असे प्रतिपादन केले की, भीतीमुळे शरीर ताठरते आणि ताठरल्यामुळे वेदना वाढतात. यास्तव गर्भवतीला आधी सर्व समजावून सांगितले पाहिजे. पॅरिसमध्ये फर्नांद लामाझ यांनी १९५१ पासून श्वासोच्छ्‌वासाच्या शिक्षणावर आधारलेली पद्धत रूढ केली. पुढे १९८० साली अमेरिकेत पेनी सिमकिन आणि कार्ला राइन्के या दोघींनी एक छोटी पुस्तिका काढली आणि प्रत्येक गर्भवतीने आपल्या बाळंतपणाचा बेत लेखी करावा ही कल्पना तेथे रुजविली. कल्पना तिकडची असली तरी तिची गरज आपल्या घरांत अधिक आहे. कारण तिकडे निर्णय घेणारी माणसे दोन, तर आपल्याकडे दहा!

आता मुख्य मुद्दा. हा बेत कसा असावा? माझे उत्तर एका शब्दात आहे : लवचीक. कळकाच्या काठीसारखा वाकणारा, पण न मोडणारा.

काही सुशिक्षित मुली माझ्याकडे दोन-दोन पानांचे टंकलिखित कागद घेऊन येतात. त्यात 'हे करावयाचे नाही', 'ते चालणार नाही', अशी कलमांमागून कलमे असतात. जणू काही घरमालक व भाडेकरू यांचा करारनामाच! अशा मुलींचे मला कौतुक वाटते, आणि काळजीही वाटते. कारण या करारावर ज्याची सही हवी तो पक्ष, म्हणजे निसर्ग, सही करीत नाही. डॉक्टरांनी दिलेली तारीख घ्या. ती केवळ अंदाजाची असते. नेमक्या त्या तारखेस जन्मणारी बाळे शंभरात जेमतेम चार-पाच. कळा किती तास चालतील, बाळ डोके कसे वळवील, ठोके टिकतील की नाही, हे आधी कोणी सांगू शकत नाही. पूर्वी गर्भाशयाचे तोंड दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे असे आम्हांला शिकवीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितले की, हा नियम सर्व स्त्रियांना लागू पडत नाही आणि कित्येक निरोगी स्त्रियांची प्रगती याहून सावकाश होते. ज्या शास्त्राला आपला नियम सैल करावा लागला, त्याच्या दारी ताठर कागद घेऊन कसे जावे?

म्हणून बेतातील प्रत्येक वाक्याला 'पण' अथवा 'तर' जोडलेले असावे. 'मला असे हवे आहे. परंतु अमुक झाले, तर तमुक.' एवढी एक सवय लावली तरी निम्मे काम झाले.

कागद एकच असावा, तो मराठीत लिहावा, आणि गर्भवतीने तो स्वतःच्या हाताने लिहावा. सातव्या महिन्यात लिहावयास घ्यावा. आठव्यात नवरा, आई आणि सासूबाई यांना वाचून दाखवावा. आणि नववा महिना लागण्यापूर्वी जेथे बाळंतपण व्हावयाचे तेथील डॉक्टरांबरोबर त्यावर बोलावे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल आहे. ती प्रेमाची चाल आहे, पण तिच्यामुळे आठ महिने तपासणारे डॉक्टर एका गावी आणि बाळंतपण करणारे दुसऱ्या गावी, असे होते. यासाठी सर्व कागदपत्रांसह माहेरच्या डॉक्टरांची भेट वेळेवर घ्यावी. रुग्णालय निवडतानाच तेथे विचारावे : रात्री शस्त्रक्रियेची व भूल देणाऱ्या डॉक्टरांची सोय आहे काय? रक्त कोणत्या रक्तपेढीतून येते? सोबतीण आत राहू शकते काय? बाळाला श्वास देण्याची साधने आहेत काय? हे प्रश्न विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही.

बेताचा पहिला भाग घरच्यांचा. दिवसा कोण नेणार, रात्री कोण नेणार आणि ते दोघेही नसतील तर कोण? महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची सेवा सुरू झाली. तो क्रमांक घरातील मुलांनाही पाठ असावा. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयांत बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त आणि ने-आण हे सर्व विनामूल्य आहे. आपल्यातील सर्वच कुटुंबे सधन नाहीत, आणि ही सोय घेण्यात कमीपणाही नाही. गर्भवतीचा रक्तगट ठळक अक्षरांत लिहावा. तो आरएच निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना तशी आठवण करून द्यावी. रक्त देऊ शकतील अशा दोघातिघांची नावे लिहावीत. हिमोग्लोबिन किती तेही लिहावे, कारण अंगात रक्त कमी असलेल्या बाईला थोडा स्रावही झेपत नाही.

दुसरा भाग सोबतीचा. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ एक सोबतीण राहू देण्याचे मान्य केले, आणि २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या 'लक्ष्य' या उपक्रमानेही त्यावर भर दिला. आपुलकीचे माणूस सतत जवळ असले म्हणजे बाळंतपण सुलभ होण्यास मदत होते, हे आता शास्त्राने मानले आहे. आपल्या सुईणीला ते आधीच ठाऊक होते! सोबतीण कोण, हे मात्र जिचे बाळंतपण तिनेच ठरवावे. जी स्वतःच घाबरते आणि दर कळेला डोळ्यांना पदर लावते, ती कितीही मायेची असली तरी त्या वेळी तिने बाहेर जप करीत बसावे हे बरे. कोणाला आई हवी असेल, कोणाला बहीण, कोणाला जाऊ, आणि जेथे परवानगी असेल तेथे कोणाला नवराही हवा असेल. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

तिसरा भाग कळांचा. एका मुलीने मजजवळ आणून दिलेल्या कागदातील काही वाक्ये तिच्या अनुमतीने वाचून दाखविते. "कळा सुरू झाल्यावर मला शक्य तोवर हिंडते-फिरते राहावयाचे आहे. ठोक्यांवर सतत लक्ष ठेवावे लागले, तर मी खाटेवर राहीन. मात्र मला कुशीवर वळू द्यावे." पुढे ती लिहिते, "वेदना कमी करण्याचे औषध घ्यावयाचे नाही असा आज माझा विचार आहे. परंतु मी ते मागितले, तर मला या वाक्याची आठवण करून देऊ नये." किती शहाणे वाक्य! कळा सोसणे ही काही परीक्षा नव्हे, की मधूनच उठून गेलेल्याला नापास करावे. पाठीच्या कण्याजवळ देण्याचे वेदनाशामक इंजेक्शन सर्वत्र मिळत नाही. ते मिळत असल्यास त्याचे गुणदोष आधीच विचारून ठेवावेत. पाणी, पेज, सरबत घेता येईल काय, हेही विचारावे. ज्यांना धोका कमी आहे अशांना ते घेऊ द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु शस्त्रक्रियेचा संभव दिसू लागला तर डॉक्टर मना करतील, आणि ते मानावे. एनिमा, केस काढणे, प्रत्येकीला टाका पडेल असा छेद घेणे या गोष्टी सरसकट करू नयेत असेही आता मान्य झाले आहे. 'गरज पडली तरच छेद घ्यावा आणि घेण्यापूर्वी मला सांगावे', एवढे वाक्य पुरे.

चौथा भाग शस्त्रक्रियेचा, आणि तो पुष्कळ जणी कागदावर लिहीतच नाहीत. लिहिले तर अपशकुन होईल असे त्यांना वाटते. परंतु जो बेत शस्त्रक्रियेपाशी येऊन संपतो, तो ऐन वेळी फाडून टाकावा लागतो. म्हणून लिहावे : 'शस्त्रक्रिया करावी लागली तर कारण मला दोन वाक्यांत सांगावे. वेळ असेल तर सोबतिणीला जवळ राहू द्यावे. बाळ ठीक असेल तर मला लगेच दाखवावे व छातीशी द्यावे.' अशा रीतीने लिहिले म्हणजे शस्त्रक्रिया हा बेताचा मोड न राहता बेताचेच एक कलम होते. याच ठिकाणी मुहूर्ताविषयीही बोलते. चांगल्या नक्षत्रावर मूल जन्मावे म्हणून पंचांग पाहून शस्त्रक्रियेची वेळ ठरविणारी कुटुंबे आपल्यातही आहेत. कारण नसताना ३९ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी बाळाला बाहेर काढले, तर त्याला श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो; आणि दर शस्त्रक्रियेबरोबर पुढच्या गरोदरपणातील धोकाही वाढत जातो. फुप्फुसे तयार झाली तो मुहूर्त बाळाला पुरेसा असतो.

पाचवा भाग बाळाच्या पहिल्या तासाचा. बाळ व्यवस्थित रडत असेल तर नाळ निदान एक मिनिट थांबून कापावी; तेवढ्यात वारेतील रक्त बाळाला मिळते. त्याला पुसून कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि वर पांघरूण घालावे. पहिल्या तासातच अंगावर घ्यावे. पिवळसर चीक काढून टाकावयाचा नसतो. तो बाळाचा पहिला आणि मोलाचा आहार होय. मध चाटविणे, घुटी देणे, साखरेचे पाणी देणे हे मात्र आजीबाईंनी कृपा करून टाळावे. पण बाळाला श्वास घेण्यास मदत लागत असेल, तर हा सर्व क्रम बाजूस ठेवून ते डॉक्टरांच्या हाती द्यावे, हेही त्याच ओळीत लिहावे.

येथवर लवचीकपणा सांगितला. पण काही गोष्टींत लवचीकपणा चालत नाही. अंगावरून रक्त जाऊ लागले, पाणमोट फुटली, बाळाची हालचाल मंदावली, डोके असह्य दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधेरी आली, पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले, तोंडावर व हातांवर सूज चढली, ताप भरला किंवा झटका आला, तर सकाळची वाट पाहू नये आणि कोणाची परवानगीही मागत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे. बाळ जन्मल्याबरोबर रक्तस्राव रोखण्यासाठी जे इंजेक्शन देतात, तेही नाकारू नये. आपल्याकडील मातांचा सर्वांत मोठा काळ म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, आणि तो बोलावून येत नाही.

आता ज्या गोष्टीवरून मी आरंभ केला, तिच्याकडे येते. बेताच्या अखेरीस दोन ओळी अवश्य असाव्यात. एक : 'माझे निर्णय मी शुद्धीवर असेतोवर मलाच विचारावेत.' आणि दुसरी : 'मी बोलण्याच्या स्थितीत नसेन तर अमुक व्यक्ती सांगेल, तिला माझे मन ठाऊक आहे.' ही काही बंडखोरी नव्हे. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याच्याकडूनच घेतली पाहिजे, आईने दिलेली संमती तिच्या सज्ञान मुलीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात सांगितले आहे. संमती मिळणे शक्य नसून जीव धोक्यात असेल, तर तेवढा अपवाद. रुग्णालये रिवाजाने नातलगांचीही सही मागतात. ती आधीच कोणी करावयाची हे ठरलेले असले म्हणजे आगगाडीतल्या बाबांची वाट पाहावी लागत नाही.

येथे जमलेल्या माझ्या समवयस्क सासूबाईंना व आईंना हात जोडून एक विनंती आहे. बाळंतपण झाल्यावर पहिला प्रश्न आपण काय विचारतो? "नॉर्मल झालं की सिझर?" शस्त्रक्रिया झाली असे कळताच "अगं बाई!" असा उद्गार निघतो. कोणी म्हणते, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही." खाटेवर पडल्या पडल्या ती मुलगी हे सर्व ऐकत असते. जिने नऊ महिने वाहिले, जिचे पोट कापले गेले, तिला आपण न कळत सांगत असतो की तू कमी पडलीस. असे शब्द टाक्यांपेक्षा अधिक काळ दुखतात, हे मी अनेक जणींच्या तोंडून ऐकले आहे. याच्या उलट, जिने मागून वेदनाशामक घेतले किंवा जिचे बाळंतपण सरळ झाले, तिलाही कोणी तोलू नये.

आपल्या भाषेत यासाठी एक फार सुंदर शब्द आहे. आपण म्हणतो, 'बाळंतीण सुटली', 'सुखरूप सुटका झाली'. या शब्दात ती कशी सुटली याचा प्रश्नच नाही. कळांनी सुटली असो की शस्त्रक्रियेने, माता व बाळ सुखरूप आहेत आणि तिला आपल्या माणसांनी सांभाळले, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या आज्यांनी हा मापदंड आपल्या हाती दिला होता. आपण तो टाकून 'नॉर्मल'चा मापदंड का घेतला?

शेवटी मंडळाला एक नम्र सूचना करते. आपण विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देतो, वधूवर सूचीही काढतो. त्याच उत्साहाने महिला शाखेने गावोगावच्या रक्तदात्यांची रक्तगटवार यादी आणि रात्री-अपरात्री गाडी देऊ शकणाऱ्या कुटुंबांची यादी करावी. त्यात ज्ञातीची मर्यादा ठेवू नये. शेजारची बाळंतीण कोणत्याही घरची असो, तिच्यासाठीही ती गाडी निघावी. आणि डोहाळजेवणाला जी ती साडी-चोळी देते, तिने ओटीत एक कोरा कागद व एक लेखणीही घालावी. त्या कागदावर ती मुलगी स्वतःच्या अक्षरांत जे लिहील, ते घरातील वडील माणसांनी एकदा शांतपणे वाचावे, एवढेच माझे मागणे आहे.

बेत आपण करावा. तो बदलण्याची मुभा निसर्गाला द्यावी. आणि तो कसाही बदलला तरी त्या मुलीच्या कमरेवरचा हात काढू नये. आपल्या प्रत्येक घरातील लेकी-सुनांची सुखरूप सुटका होवो, अशी प्रार्थना करते.